उभी असताना पडत नाही ती सायकल

पहिल्या दुकानात मी एकच गोष्ट सांगितली होती, की मागं लहान मूल बसवायचं आहे. तिथल्या मुलानं लगेच पुढं-मागं शॉकअप असलेली, एकवीस गियरची, जाड टायरची सायकल बाहेर काढली. "ताई, हीच घ्या की. सगळी हीच नेतायत." सायकल दिसायला देखणी होती. मी खांद्यावरची पिशवी हँडलला अडकवली आणि पर्समधून फोन काढायला वळले, तेवढ्यात ती आडवी झाली. पिशवीत दोन किलो गूळ होता. माझी लेक तेव्हा साडेदहा किलोची होती.

त्या दिवशी मी सायकल न घेता परतले. पुढचे तीन आठवडे सांगलीतली जवळजवळ सगळी दुकानं पालथी घातली, आणि दिवाळीच्या पाडव्याला घेतलेली सायकल आता पाच महिने रोज चालवते आहे. कुणी विचारलं की "लहान मुलासाठी कुठली सायकल घेऊ", तर प्रत्येकीला फोनवर अर्धा तास सांगत बसते. तेच इथं लिहिते आहे.

आधी गरज काय ती सांगते. आम्ही विश्रामबागेत राहतो. लेक आता सव्वादोन वर्षांची. सकाळी तिला पाळणाघरात सोडायचं, दुपारी आणायचं, तिला घेऊनच भाजी, दूध, औषधं, शाळूचं दळण, आणि आठवड्यातून दोनदा गावात, म्हणजे शिवाजी मंडईकडं. स्कूटर दारात आहे, पण तिच्यावर लेक पुढं उभी राहायची. एकदा मध्येच कुत्रं आलं, मी ब्रेक दाबला आणि तिची हनुवटी आरशाच्या दांडीवर आपटली. तेव्हापासून तिला पुढं उभी करायचं मी बंद केलं. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियमही आहे, की नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा हवा, मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. रस्त्यावर तो पट्टा मला फारसा दिसत नाही. आमची बहुतेक कामं एक-दीड किलोमीटरच्या आतली, गाव सपाट. एवढ्यासाठी सायकल पुरते.

डोळे उघडले ते मारुती रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानात. बाहेर टायर टांगलेले, आत दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी जागा, आणि सत्तरीकडं झुकलेले मामा खाली बसून चाक सरळ करत होते. मी माझं म्हणणं सांगितलं. त्यांनी हात पुसले, एक लेडीज सायकल स्टँडवर लावली, कॅरियरवर तळहात ठेवून सगळा भार दिला आणि दुसऱ्या हातानं हँडल इकडंतिकडं फिरवलं.

"चालवून सगळेच बघत्यात. तुम्ही उभी करून बघा. पोरगं सायकलवरनं चालताना पडत न्हाई, थांबल्यावर पडतंय."

हे वाक्य मी आता दुसऱ्यांनाही ऐकवते, कारण पाच महिन्यांत मला त्याचा रोज अनुभव आला. आपण पेडल मारत असताना सायकलीचा तोल आपल्या हातात असतो. पण मुलाला बसवताना, पट्टा लावताना, पैसे द्यायला खिशात हात घालताना, कुलूप लावायला वाकताना तिचा तोल फक्त स्टँडच्या हातात असतो. त्यात मूल हलतं. मागं वळून गाढव बघतं, चप्पल काढून फेकतं. म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न स्टँडचा. रंग, गियर, कंपनी हे सगळं त्यानंतर.

हल्लीच्या बहुतेक सायकलींना एका पायाचं साइड स्टँड येतं. सायकल त्यावर कलून उभी राहते, आणि मागं बारा किलो आले की कललेल्या बाजूला आणखी झुकते. जमीन मऊ असेल तर स्टँडचा पाय रुततो. माझ्या सायकलीलाही कंपनीनं तेच दिलं होतं. मामांनी ते काढून जुन्या काळ्या सायकलींना असायचं तसं मागच्या चाकाचं दोन पायांचं स्टँड बसवलं, अडीचशे रुपयांत. मागचं चाक वर उचललं जातं आणि सायकल सरळ उभी राहते. घेताना दोन पायांमधलं अंतर बघा. एक वीत आणि वर चार बोटं भरलं तर ठीक, त्याहून अरुंद नको. स्टँडवर चढवायला जोर लागतो हे खरं. मूल बसलेलं असताना तर मला पहिले आठ दिवस जमेना. युक्ती अशी, की हातांनी सायकल उचलायला जायचं नाही. स्टँडच्या आडव्या पट्टीवर पाय ठेवून शरीराचं वजन द्यायचं आणि कॅरियर फक्त मागं ओढायचा, म्हणजे ती आपोआप वर येते.

दुसरी गोष्ट हँडलची. पुढं बास्केटमध्ये भाजी भरली की उभ्या सायकलीचं हँडल स्वतःहून वळतं, त्याबरोबर पुढचं चाक वळतं आणि सगळी सायकल फिरते. परदेशातल्या सायकलींना यासाठी पुढच्या चाकाच्या फोर्कपासून फ्रेमपर्यंत एक स्प्रिंग लावलेली असते, ती चाक सरळ धरून ठेवते. आपल्याकडच्या दुकानांत मला ती मिळाली नाही. मामांनी जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद कडी कापून दिली. थांबल्यावर पुढचा ब्रेक दाबायचा आणि ही कडी ब्रेकच्या मुठीवरून हँडलवर चढवायची. ब्रेक दाबलेलाच राहतो, सायकल पुढंमागं सरकत नाही. हँडल वळू नये म्हणून नाडीचा एक फास फ्रेमला बांधून ठेवला आहे, तो हँडलच्या दांड्याला अडकवते. दोन्हीला मिळून पाच सेकंद लागतात. कडीला पैसे पडले नाहीत, आणि सायकलीवरची सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

फ्रेमबद्दल थोडक्यात. आडवा दांडा असलेली सायकल मूल मागं बसवण्यासाठी घेऊच नका. त्या सायकलीवर चढताना पाय मागून फिरवावा लागतो, आणि मागं मुलाचं डोकं असतं. पुढून पाय ओलांडून बसता येईल अशी, दांडा खाली उतरत आलेली फ्रेमच हवी. तिला लेडीज म्हणतात म्हणून माझा नवरा आधी तयार नव्हता. आता रविवारी मटण आणायला तोच लेकीला घेऊन जातो. आमच्या उंचीत सहा इंचांचा फरक आहे. सीटच्या दांड्याला पान्याशिवाय ढिली होणारी खिटी बसवून घेतली, त्यामुळं सीट खालीवर करायला क्षणभर पुरतो.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही अशी २६ इंची, एका गियरची, लोखंडी फ्रेमची, पुढं बास्केट, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला ड्रेसगार्ड असलेली सायकल लुधियाना आणि चेन्नईकडच्या बऱ्याच कंपन्या बनवतात. फरक असतो तो नटबोल्ट कुणी आणि कसे आवळले यात. मला ती ७,२०० रुपयांना पडली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर तो नीट बघून घ्या.

आता मुलाच्या सीटबद्दल. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता.

बाजारात साधी तारेची किंवा पत्र्याची खुर्ची साडेचारशे रुपयांत मिळते, कॅरियरवर दोन पट्ट्यांनी आवळायची. माझ्या वडिलांनी मला असल्याच खुर्चीत बसवून आमराईत नेलेलं मला आठवतं, त्यामुळं तिच्याबद्दल वाईट लिहायला जड जातं. पण तिला पट्टा नाही, पाठ कमरेपर्यंतच, आणि पाय ठेवायला नुसता गज. मूल दुपारी सायकलवर हमखास झोपतं. झोपलं की मान एका बाजूला पडते आणि पाय सैल होऊन चाकाच्या आऱ्यांकडं जातात. आऱ्यांत पाय अडकणं हा सायकलवरच्या लहान मुलांचा सगळ्यात जुना अपघात आहे. आमच्या सासूबाईंच्या धाकट्या भावाच्या घोट्यावर त्याची खूण आजही आहे.

म्हणून मी प्लॅस्टिकची, उंच पाठीची, खांद्यावरून आणि पायांमधून येणारा पट्टा असलेली सीट मागवली, ४,२०० रुपयांना. पायांसाठी तिला दोन्ही बाजूंना खोल पन्हळी आहेत आणि पाऊल बांधायला छोटे पट्टे. घेताना तिच्यावर ईएन १४३४४ हा युरोपीय मानकाचा आकडा आणि ९ ते २२ किलो ही वजनाची मर्यादा छापलेली आहे का ते बघा. नऊ महिन्यांच्या आतल्या, नीट बसता न येणाऱ्या बाळासाठी कुठलीच सीट नाही. ही सीट कॅरियरवर बसत नाही, आपल्या सीटखालच्या उभ्या नळीला एक ठोकळा आवळून त्यातून दोन सळया मागं येतात आणि सीट त्यांच्यावर तोललेली राहते. खड्ड्यात त्या सळया किंचित लवतात, त्यामुळं मुलाच्या कण्याला दणका कमी बसतो.

हा ठोकळा आपल्या सायकलीला बसेल की नाही हे मागवण्याआधी तपासा. माझ्या सीटच्या ठोकळ्याला २८ ते ४० मिलिमीटर जाडीची गोल नळी लागते. मी नळीभोवती दोरा गुंडाळून पट्टीवर मोजला, तो नऊ सेंटीमीटर भरला, म्हणजे जाडी साडेअठ्ठावीसच्या आसपास. जेमतेम बसली. शिवाय लेडीज फ्रेममध्ये दांडा उभ्या नळीला मध्येच येऊन मिळतो, त्याच्या वर ठोकळ्यापुरती मोकळी नळी राहायला हवी. एका सायकलीत ती राहतच नव्हती, म्हणून आवडूनही सोडावी लागली.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. मूल मागं बसलं की त्याच्या तोंडासमोर काय येतं? आपल्या सीटखालच्या स्प्रिंगा. आपण खड्ड्यातून गेलो की त्या दबतात आणि उघडतात. तिसऱ्याच दिवशी लेक त्यांत बोट घालून खेळताना मला आरशात दिसली. मी जागीच उतरले. घरी येऊन जुन्या जीन्सच्या पायाचं कव्हर शिवलं, ते सीटखालून नाडीनं आवळलं. स्प्रिंग नसलेली सीट घेतली तर हा प्रश्नच येत नाही, पण आपल्या रस्त्यांवर माझी पाठ तिला तयार झाली नसती.

हेल्मेट : मुलाच्या भुवयांच्या दोन बोटं वरून शिंप्याच्या टेपनं डोक्याचा घेर मोजा आणि त्याच मापाचं घ्या, वाढत्या अंगाचं नको. लेकीचा घेर ४८ सेंटीमीटर. सांगलीत त्या मापाचं मिळालं नाही, पुण्याहून नणंदेनं पाठवलं, अकराशेला. सीटची पाठ उंच असेल तर हेल्मेट मागून टेकून कपाळावर सरकतं, म्हणून डोक्याच्या जागी खोलगट भाग असलेली सीट बघा. आणि वेणी किंवा पोनी मागं उंच बांधायची नाही.

लेकीला बसवण्याआधी मी आठ दिवस तिच्या जागी दहा किलो तांदळाची पिशवी पट्ट्यानं बांधून फिरले. हसणारे हसले, पण मला त्याचा फार उपयोग झाला. मागं वजन आलं की पुढचं चाक हलकं वाटतं, हळू चालवताना हँडल थरथरतं, आणि ब्रेक लागायला आधीपेक्षा जास्त अंतर लागतं. हे सगळं तांदळाबरोबर शिकून झालं. विलिंग्डन कॉलेजकडच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी सहाला मी वळणं, थांबणं, स्टँड लावणं असं तासभर करत असे. एका दिवशी पिशवी एका बाजूला सरकली, तेव्हा पट्टा किती घट्ट हवा तेही कळलं.

सामानाची सोय वेगळी करावी लागते, कारण कॅरियरच्या वरची जागा मुलाच्या सीटनं घेतलेली असते. बास्केटमध्ये मी तीन किलोपेक्षा जास्त भरत नाही, त्याहून जड झालं की हँडल हातात राहत नाही. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडून रेक्झिनच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, मधल्या पट्ट्यानं जोडलेल्या, कॅरियरवर टाकल्या की दोन्ही बाजूंना लोंबतात. ३५० रुपये. त्या लेकीच्या पावलांच्या मागं येतील अशा बांधल्या आहेत. एका बाजूला दळणाचा डबा, दुसऱ्या बाजूला दूध आणि बाकीचं. फेब्रुवारीत द्राक्षांची चार किलोची पेटी दोन भागांत वाटून आणली, एक मणी फुटला नाही.

वाटून हा शब्द महत्त्वाचा. डिसेंबरमध्ये मी चूक केली. गिरणीसमोर, फरशी उतरती असताना, लेकीला आधी बसवून पट्टा लावला आणि मग पाच किलोचा डबा उजव्या पिशवीत टाकला. डावी रिकामी होती. स्टँडचा डावा पाय जमिनीवरून उचलला गेला. मी मांडीनं सायकल अडवली, गिरणीवाले काका धावत आले, लेकीला काही झालं नाही. माझ्या मांडीवरचा काळा-निळा डाग पंधरा दिवस होता, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी सगळं सामान, दोन्ही बाजूंना सारखं, मग सगळ्यात शेवटी लेक. पोहोचल्यावर उलट, आधी लेक खाली, मग सामान. आणि ती सीटवर असताना माझा एक हात सीटवरच. फोन वाजला तरी, कुणी ओळखीचं भेटलं तरी.

गियर आम्हाला लागत नाहीत, रेल्वेच्या पुलाचा चढ तेवढा उतरून चालत जाते. चढाच्या गावात राहत असाल तर गियर घ्यावेच लागतील, आणि मग चेनकव्हर मिळणं अवघड होतं, तेव्हा ओढणी आणि साडीचा विचार आधी करा. बॅटरीची सायकल चालवून पाहिली. चांगली होती, पण आमच्याकडं ती जिन्याच्या चार पायऱ्या चढवून आत घ्यावी लागते आणि तिचं वजन मला झेपलं नाही.

टायरचं सांगायचं तर थोडा रुंद टायर घ्या, खड्डा अंगावर कमी येतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला आहे तेही बघा. साध्या सायकलींना वॉलट्यूबवाला व्हॉल्व्ह असतो, त्याला पेट्रोलपंपावरची हवा भरता येत नाही, आणि ती बारीक रबरी नळी सुकली की सायकल रात्रीत बसते. मी दोन्ही ट्यूब बदलून स्कूटरसारखा व्हॉल्व्ह असलेल्या घातल्या. मूल मागं असताना पंप शोधत फिरायची वेळ आता येत नाही. दर शनिवारी दहा नंबरचा पाना घेऊन कॅरियरचे, ठोकळ्याचे आणि बास्केटचे बोल्ट तपासते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एखादा तरी सैल सापडायचा, आता क्वचितच.

सायकलीत मला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मुलाची काळी प्लॅस्टिकची सीट मार्चच्या उन्हात अशी तापते, की मी तिच्यावर जुन्या साडीची घडी टाकून ठेवते आणि बकलला आधी स्वतः हात लावून बघते. सायकलीबरोबर आलेली घंटी इतकी मऊ वाजते की रिक्षावाल्यांना ऐकू जात नाही, ती बदलली. आणि सगळ्यात मोठा दोष ब्रेकचा. रिम चकचकीत लोखंडी आहे. कोरड्यात ब्रेक चांगले लागतात, पण ओली झाली की रबर तिच्यावरून घसरतं. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तेव्हा वळणाआधी थांबायला मला नेहमीपेक्षा फार लांबून ब्रेक धरावा लागला, आणि मागं लेक गाणं म्हणत होती. ॲल्युमिनियमच्या रिमवर पावसात ब्रेक बराच बरा लागतो. नवी घेणाऱ्यांनी दुकानातच तशी रिम मागा, हजारभर रुपये जास्त गेले तरी द्या.

मामांनी माझ्यासाठी दोन रिम मागवल्या आहेत. जुने आरे पुन्हा वापरता येतील का ते आल्यावर बघू म्हणाले. मे संपायच्या आत बसवून देतो असा शब्द दिला आहे, आणि तोवर आभाळ आलं की लेकीला घेऊन मी चालत जाते.